पुतण्याविरुद्धचा जबाब

२०२२ साल होतं, मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही अर्धी. तरी हे मीच लिहितोय, कारण माझ्याबद्दल गाव एक सांगतं आणि पुण्याची सून दुसरंच. दोन्ही खोटं.

माकणीच्या धरणाच्या अंगाला आमचं रान. त्या उन्हाळ्यात खतासाठी रानात मेंढरं बसवली होती. धनगर सीमेपलीकडचा, कानडी, नवरा-बायको दोघंच. एका दुपारी तो मेंढरं पाण्याला घेऊन निघाला आणि माझ्या चुलत भावाच्या पोरानं मागून येऊन त्याच्या पायावर ट्रॅक्टर घातला. मी बांधावर लिंबाखाली बसलो होतो. पोराच्या कानाला मोबाइल होता, नजर भलतीकडंच. धनगराचा पाय गुडघ्याखाली मोडला, त्याला सोलापूरला दवाखान्यात नेलं. पोरगं पोलीस भरतीत निवडलेलं, नेमणूक यायची होती. गुन्हा लागला की नेमणूक गेली. आणि बघणारा मी एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत भाऊ आला, संगं गावातली दोन जाणती माणसं. मेंढरं आडवी आली, एवढंच पोलिसांत सांगा, म्हणाले. धनगर काय, आज इथं उद्या तिथं. पोरगं आपलं हाय. हे सांगताना त्यांना लाज वाटत नव्हती, आणि वाटायचं कारणही न्हाय. देवीचा भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर पाप. पोलिसांपुढं भावकीसाठी बोललेलं आमच्यात खोट्यात धरत न्हाईत. तरणेपणी मीही तसं बोललोय, आणि आजही त्याचं मला काही वाटत न्हाय.

पण त्याआधी चार वर्षं माझी बायको गेली. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत न्हाय. भावकीनं पिठलं-भाकरी आणायची, त्याला कडू घास म्हणतात. वैर असलं तरी त्या दिवशी आणायचीच. पहिला घास ह्या चुलत भावाच्या घरचा यायचा. आमचा बांधावरून वाद होता, म्हणून हा आला न्हाय. नुसता आला न्हाय असं न्हाय. घरामागच्या खळ्यावर त्यानं दिवसभर ज्वारीचं मशीन चालू ठेवलं. मयतीला बसलेल्या माणसांच्या डोक्यावर भुसा पडत होता. शेवटी पलीकडच्या आळीतल्या मुसलमान शेजाऱ्यानं भाकरी आणली. ती गिळताना मी मनात जे धरलं, ते कुणाला बोललो न्हाय. ह्याच दिवसाची वाट बघत होतो.

"दादा, पोरगं वहिनीच्या मांडीवर वाढलंय," चुलत भाऊ म्हणाला. "तिच्याकडं बघून तरी."

"तिच्याकडंच बघतोय. ती गेली त्या दिवशी तुझं मशीन कुणाकडं बघून चालू होतं?"

जाणत्यातला एक म्हणाला, "एका भाकरीपायी पोराचा जलम मारता काय?"

"व्हय," म्हणालो, "मारतो."

दुपारच्या जीपनं ठाण्यात गेलो आणि जबाब दिला. एक शब्द जादा न्हाय, एक कमी न्हाय. बरं वाटलं. लई दिवसांनी पोटभर जेवल्यावाणी.

परत आलो तर हॉटेलातली माणसं माझ्याकडं पाठ करून बसली. तेवढ्यात सुनेचा फोन, गावातनं कुणीतरी तिला कळवलं होतं. म्हणाली, "बाबा, नातं न बघता तुम्ही खऱ्याच्या बाजूनं उभे राहिलात, आम्हाला अभिमान आहे."

"सूड घेतलाय, बाय," मी म्हणालो. ती हसली, थट्टाच वाटली तिला. त्यांच्या सोसायटीत शेजारी कोण मेलं ते कळत न्हाय. ज्याला भावकीच न्हाय त्याला भावकीविरुद्ध बोलायला काय जातं?

दिवस कलताना रानात गेलो. धनगरीण एकटी कोकरं वाघरीच्या जाळीत घालत होती. तुझ्या नवऱ्याचा पाय मोडणाऱ्यावर गुन्हा लावून आलो, म्हणून ताठ्यात सांगितलं. तिनं मान वर केली न्हाय.

"केस घेऊन मी काय करू, अज्जा? आमच्यात ज्यानं पाय मोडला त्यानं पाय जुळंस्तोवर मेंढरं चारायची. तो कोर्टात जाऊन बसला तर चारणार कोण?"

जाळीतनं निसटलेलं एक कोकरू मी तिच्याकडं ढकललं.

"तो न्हाई तर त्याच्या घरातलं कुणीतरी," ती म्हणाली. "तुमी त्याचे चुलतेच की."

ह्या बाईला काय पाहिजे ते ना भावकीनं विचारलं होतं, ना मी. पण राग त्याचा आला न्हाय. ज्याचं नाव घ्यायचं मी सोडलं, त्याच्याच घरात तिनं मला मोजलं, त्याचा आला. तरी तिला न्हाय म्हणवेना. आणि तिथंच सुचलं, की त्यांच्या वाटणीची मेंढरं मी चारली तर ते त्या घराला केसपेक्षा जास्त झोंबंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर खोचलं, तिच्या नवऱ्याची काठी घेतली आणि मेंढरं सोडली. पाण्याची वाट रानातनं सरळ होती. मी कळप गावातनं घातला, चुलत भावाच्या गल्लीनं. त्याच्या दारात मेंढरं तुंबली, ओट्यावर चढली, रांजणाला तोंड लावायला लागली. तो घरात होता, पोरगंही घरातच. बाहेर कुणी आलं न्हाय. मी हाकलायची घाई केली न्हाय. लेंड्या टाकत शेवटचं मेंढरू पुढं जाईस्तोवर काठीवर रेलून दारासमोर उभा राहिलो.