साळवे सरांच्या चुकलेल्या पेपरचा सत्कार

बाकी सगळं राहू दे, हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते. आमचे साळवे सर परवा गेले. ते कोण होते हे श्रीरामपूरच्या बाहेर कुणाला माहीत नाही, आणि श्रीरामपुरात ज्यांना माहीत आहे त्यांना चुकीचं माहीत आहे.

सरांना कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्यात बोट घालून बघायचे. कपाचा कान, सायकलची ट्यूब, कॅन्टीनमधला मेदूवडा. एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, पँटीला भोकं किती? आम्ही सगळे म्हणालो, तीन. "दोन," सर म्हणाले. "कंबर धर अन् ताण. लई ताण, पार सपाट कर. कंबर झाली काठ. आता उरली किती?" मागून एक जण म्हणाला, सर, मग माझ्या पँटीला तीनच, खिसा फाटलाय. सर इतके हसले की हातातला खडू पडला. म्हणाले, ह्याला टोपॉलॉजी कळली.

त्यांचा विषयच तो, अल्जिब्राइक टोपॉलॉजी. आकार कितीही ताणा, वाकवा, त्यातली भोकं तेवढीच राहतात, आणि ती बीजगणितानं मोजायची. पुण्यात पीएच.डी. करताना सरांनी एक पेपर लिहिला, तो परदेशातल्या जर्नलमध्ये छापून आला. एका अवघड जातीच्या आकारांत अमुक एक प्रकारचं भोक असूच शकत नाही, असं त्यात सिद्ध केलेलं. कित्येक वर्षं त्या पेपरचं कुणी नावही घेतलं नाही. मग एकदम घ्यायला लागले. जपान, पोलंड, कुठून कुठून.

कारण पोलंडच्या एका बाईंना ते भोक सापडलं होतं. सरांचा पेपर चुकला होता. त्यानंतर त्या विषयावर जो कुणी लिहायचा तो सुरुवातीलाच एक ओळ टाकायचा, की साळवे असं म्हणाले होते, ते बरोबर नाही.

हे आम्हाला सरांनीच सांगितलं, ती चुकलेली पायरी फळ्यावर लिहून. प्रत्येक बॅचला दाखवायचे म्हणे. "मला वाटलं, इथं काय, उघडंच हाय. म्हनून सिद्ध केलं न्हाई. पोरांनो, उघडंच हाय असं वाटलं की समजायचं, पाय इथंच घसरनार." ती पायरी दुरुस्त करण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. होणार कशी, मुळात ते खोटंच होतं ना.

मग कॉलेजचा दर्जा ठरवायला समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. आपल्या पेपरचा दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरात उल्लेख केला की त्याला साइटेशन म्हणतात, ती प्रत्येक प्राध्यापकाची मोजायला घेतली. बाकीच्यांचं आपसात ठरलेलं असतं, तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो. तरीही साळवे सर सगळ्यांच्या वर निघाले. गेटवर त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागला.

सर प्राचार्यांकडे गेले तेव्हा मी प्रोजेक्टवर सही घ्यायला दारातच उभी होते. सर सांगत होते की ती सगळी माणसं मी चुकलो असं लिहितायत, निदान सत्कार तरी करू नका. प्राचार्य अजिबात चिडले नाहीत. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "साळवे सर, समितीला आकडा दिसतो. आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

सत्कार झालाच. शाल, श्रीफळ, गुच्छ. सर माइकपुढे उभे राहिले. "माझा पेपर चुकीचा हाय," ते म्हणाले. "ज्यांनी माझं नाव घेतलं त्यांनी चूक दाखवायला घेतलं. ही शाल माझी न्हाई."

मला वाटलं, आता कळलं सगळ्यांना. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, अशा टाळ्या मी त्या हॉलमध्ये कधी ऐकल्या नव्हत्या. निवेदन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, फळांनी लगडलेलं झाडच वाकतं. सर पुन्हा बोलायला लागले, तर टाळ्या आणखी वाढल्या. ते शाल काढायला गेले, तर प्राचार्यांनी हसत हसत ती परत त्यांच्या खांद्यावर नीट घातली.

त्यानंतर सरांनी ती पायरी फळ्यावर लिहिणं बंद केलं. वस्तूंत बोट घालणंही.

रिटायर झाल्यावर एकदा ते स्टँडवर भेटले, संगमनेरच्या गाडीची वाट बघत होते. मी विचारलं, सर, काम चालू आहे का? म्हणाले, "त्या पोलंडच्या बाईनं माझी एकेक ओळ वाचली बघ. लई बारीक वाचलं. इथं एवढी वर्षं काढली, इथं कुनी वाचलं न्हाई." मी म्हटलं, मी वाचला होता सर, दुसऱ्या पानाच्या पुढे जमलं नाही. ते जरा हसले. "चूक पाचव्या पानावर हाय," म्हणाले, आणि गाडी लागली तशी चढून गेले. खिडकीतून बघितलं नाही.

काल शोकसभा झाली. सरांच्या साइटेशनचा आकडा तीन जणांनी सांगितला, आणि मी उठून काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या असत्या.

तुमचं झालंय का हो असं कधी? सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगितलंत, आणि समोरच्यांनी तुमचं कौतुकच केलं?