मामांचं नाक

देवाने आधी नाक घडवलं आणि मग ते ठेवायला जागा हवी म्हणून त्यामागे माझ्या बायकोचे मामा उभे केले. आरे कॉलनीतल्या डेअरीत त्यांनी उभी हयात दुधाचे वास घेण्यात घालवली. निवृत्त होऊन मुलुंडला आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले तरी नाक काही निवृत्त झालं नाही. लिफ्टमध्ये शिरले की सांगायचे, "तिसऱ्या मजल्यावर दही आंबतंय." नाक्यावरचा मिठाईवाला त्यांना लांबूनच नमस्कार करून श्रीखंडाचं पातेलं आत न्यायचा. एकदा मी चोरून सिगरेट ओढून, वर वेलची चघळून घरी आलो. मामा सोफ्यावर बसले होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, वेलची नंतरची. आधीचं काय?"

आणि एका तापात हे नाक गेलं. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. वर्ष उलटलं तरी आलं नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात मामा गॅसशेजारी बसलेले असतानाच दूध करपून पातेलं काळं झालं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं.

पुढे आमची लेक ऑफिसच्या कामाला परदेशी गेली आणि येताना निळ्या शिरांचं चीज घेऊन आली. आमची ओळख सँडविचमधल्या चौकोनी चीजपुरती. चांदीचा कागद उलगडला मात्र, बायको ओरडली, "कपाटामागे उंदीर मेलाय का गं?" लेक म्हणाली, "आई, ते असंच असतं!" मला एकदम मामा आठवले. जाऊन हाताला धरूनच घेऊन आलो.

मामांनी चीजकडे पाहिलं. "बुरशी ही! आमच्या डेअरीत असतं तर फेकून दिलं असतं."

"आजोबा, एकदा खा तर!"

त्यांनी नखाएवढा तुकडा तोंडात टाकला. "खारट." मग दुसरा. तिसऱ्याला थांबले. कागद उचलून नाकाशी दाबला, डोळे मिटले. "गोठा..." ते पुटपुटले. "पहाटेचा. ओला पेंढा." आणि एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस गावच्या बोलीत ओरडला, "गो, माका वास येता!" बायको खिडकी उघडायला निघाली होती. ती तशीच माघारी फिरली.

नाक पूर्ण असं परतलं नाहीच. पण अधूनमधून एखादा वास पाहुण्यासारखा यायचा आणि मामा लगेच फोन करायचे. "आज कढीपत्ता आला होता. पाच मिनिटं बसला." कधी, "सोनचाफा आला, पण घाईत होता." मामींच्या पावडरीचा वास आला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. रस्त्यात कुठे काही छान दरवळलं की माझा हात अजून फोनकडे जातो.