गाडीची नळी उघडली तो दिवस

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. वाडीतलं उरलंसुरलं दूध आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतून आष्टीच्या डेअरीत जायचं. एका सकाळी गाडी झटके खाऊ लागली. संध्याकाळची खेप चुकली तर दूध संघ दुसरी गाडी लावणार, म्हणून आमच्या यांनी इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर घरीच काढून साफ करायचं ठरवलं. गाडीच्या मेस्त्रींनी फोनवर सांगितलं ते मी वहीत उतरवलं. माझी चौथी झालेली, अक्षर मोठं, पण वाचता येतं.

अंगणात मी वाचत होते, हे करत होते. आधी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला. मग गाडी चालू करून आपोआप बंद पडू दिली, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची तार सोडली. इंजिन गार झाल्यावर नळीच्या सांध्यावर फडकं धरून यांनी पाना फिरवला. उरलेलं पेट्रोल फडक्यात झिरपलं, थोडं खालीही सांडलं.

तेवढ्यात सासरे घरातून आले. आमच्याकडं कुठलंही यंत्र उघडलं की त्याला उदबत्ती दाखवतात, मोटर असो की कडबाकुट्टी. त्यांच्या हातात दोन पेटलेल्या उदबत्त्या. यांचं डोकं बॉनेटखाली, दोन्ही हात पेट्रोलनं ओले.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. सासूबाई शेळ्यांमागं गेलेल्या. मी हातानं खुणावलं, त्यांनी बघितलं नाही. चार पावलं राहिली.

"मामा, थांबा! उदबत्ती मागं न्या!"

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"मला हटकती व्हय?" सासरे म्हणाले.

यांनी मान वर काढली आणि उदबत्त्या बघून जागीच गारठले. "आबा, तिचं ऐका. पेट्रोल सांडलंय. भडका उडंल."

सासरे एकेक पाऊल मागं सरत फाटकाबाहेर गेले. उदबत्त्या मातीत खुपसल्या आणि तिथंच उभे राहिले. माझ्याकडं न बघता यांना म्हणाले, "तिला म्हणावं, वाच पुढचं. आत्ता वरडत व्हती, मग आता का गप?"

मी पुढचं वाचू लागले. ओलं फडकं यांनी लांब टाकलं. इंजेक्टर साफ करून नव्या रबरी कड्या घालून बसवला, नळी, फ्यूज आणि तार जोडली. हे घाईनं चावीकडं निघाले. मी फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं वाचलं, "चावी नुसती फिरवा. गाडी चालू करू नका. आधी सांधा बघा."

यांनी तशी फिरवली, तर सांध्यावर पेट्रोलचा थेंब धरत होता.

यांनी चावी बंद केली. फाटकातून सासरे थेट मला म्हणाले, "पोरी, पयल्यापासून वाच."

खेप त्या दिवशी उशिरा गेली, पण गेली.