डॉमनिककाकांचा शिक्का

फोटो स्टुडिओत काम केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "तुझ्या त्या डॉमनिककाकांचं सांग ना," आणि मग सगळ्यांचा चहा गार होतो.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं. लग्न होऊन मी कराडहून विरारला आले होते. कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचा कोर्स केला आणि पापडी गावातल्या एका स्टुडिओत लागले. मालक डॉमनिककाका, साठीला टेकलेले. आसपासची निम्मी लग्नं आणि बाप्तिस्मे त्यांनीच टिपलेले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती पेन्सिल कायम शर्टाच्या खिशात. कॉम्प्युटर त्यांना नकोच होता. गल्फमधल्या लेकीने, लीनाने, हट्टाने घेऊन दिलेला.

पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "नाताळपर्यंत बघू. गिऱ्हाईक खूश झालं तर ठीक. नाहीतर हा डबा लीनाला परत आणि तू विरारला परत."

घरी सासूबाई विचारत होत्याच, फोटो पुसायलाही माणूस लागतो का म्हणून. मला ती नोकरी मनापासून हवी होती.

काकांचा एक रबरी शिक्का होता, "फोटो: डॉमनिक, पापडी". स्वतः काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो उमटायचाच. मी कॉम्प्युटरवर हात लावलेल्या फोटोंवर मात्र नाही. "जो काढतो त्याचं नाव," ते म्हणायचे. "यात निम्मं तुझं, मी कसं नाव घालू? आणि तुझं घालावं तर तू काढत नाहीस, पुसतेस."

* * *

डिजिटल कॅमेरा घेऊन काका पहिल्यांदा लग्नाला गेले आणि रोलच्या सवयीने मोजून छत्तीस फोटो काढून परत आले. केक कापायचा बाकी होता.

"काका, कार्डात अजून दोनशे बसतात."

"बसतात म्हणून काय कोंबायचे?"

वर ते एवढंसं कार्ड त्यांनी काळ्या कापडात गुंडाळून आणलं होतं, उजेड लागू नये म्हणून. मी हसले नाही. ऑगस्ट चालू होता आणि मला नाताळ दिसत होता.

* * *

पाचूबंदरहून एक कोळीण आजी आली. तिला भिंतीवर लावायला स्वतःचा फोटो हवा होता. "मी मेल्यावर पोरं रेशनकार्डावरचा फोटू मोठा करून लावतील. तो मना नको. आताच चांगला काढ."

फोटो छान आला, पण गळा मोकळा. सोन्याची माळ तिने सुनेला दिली होती. "तुझ्या त्या मशीनमधी घालता येते ना माळ?"

येते की. आमच्या स्टुडिओतल्याच एका लग्नाच्या फोटोतल्या बाईच्या गळ्यातली माळ मी उचलली, आजीच्या गळ्यात बसवली, सावलीसुद्धा दिली. कुणाला कळलं असतं तर शपथ. आजीने प्रिंट हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि खाली ठेवली.

"ही माळ माझ्या जावेची हाय."

मी प्रिंट परत हातात घेतली.

"तीस वर्सं मी तिच्याशी बोलत नाय. आनी मेल्यावर तिची माळ घालून भिंतीवर बसू?"

काकांनी आतल्या पेटाऱ्यातून आजीच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची निगेटिव्ह शोधून काढली. त्यात आजीची स्वतःची माळ होती. ती मी स्कॅन करून बसवली. आजी खूश झाली. काका दिवसभर हसत होते, पण शिक्का काही मारला नाही.

* * *

कॉम्प्युटरमधली एकच गोष्ट काकांना आवडली, ती म्हणजे अनडू. निगेटिव्हवर पेन्सिल चुकली की चुकली. इथे एक बटण दाबलं की चूक झालीच नाही! एका दुपारी मी जेवायला उठले, तर हे खुर्चीत बसून दाबत सुटले. परत येऊन पाहते तर माझं शेवटच्या अर्ध्या तासाचं काम गायब.

"किती मागे जाता येतं गं?" त्यांनी विचारलं.

"वीस पावलं."

"वीसच?" काका खुर्चीतून उठले. "मग काय उपयोग."

* * *

पुढचं प्रकरण नोकरीवरच आलं. विरारच्या एका सोसायटीचे चेअरमन गणपतीत काढलेला ग्रुप फोटो घेऊन आले. सेक्रेटरीशी त्यांचं बिनसलं होतं, त्याला फोटोतून काढायचं होतं. मी काढला. मागची आरास क्लोन करून जागा भरली. प्रिंट मोठी, फ्रेमसुद्धा झाली. चेअरमन दोन मिनिटं बघत राहिले.

"माझ्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

अख्खा माणूस पुसला आणि हात विसरले. काका शांतपणे पुढे आले.

"ज्याला काढलात त्याचा," ते म्हणाले. "त्याने अजून तुम्हाला सोडलं नाही."

चेअरमन आधी लाल झाले, मग हसले. काकांनी फ्रेम उघडली, बारीक ब्रश आणि रंग घेतला आणि दहा मिनिटांत त्या हाताचं उपरणं करून टाकलं. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, "नाताळाला तीन आठवडे राहिले." त्या दिवशी मी विरारला जाईपर्यंत रडत गेले.

* * *

नाताळाला चार दिवस उरले होते. दुपारी दुकान रिकामं असताना काकांनी माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. आत लीनाच्या फर्स्ट होली कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवसाचा, फोटो होता. ओटीवर पांढऱ्या झग्यात आठ-नऊ वर्षांची लीना, खुर्चीवर रोझीमावशी म्हणजे काकांची बायको, शेजारी आजी-आजोबा, पायाशी कुत्रा. लीना माझ्याच वयाची. ती असा झगा घालून उभी होती तेव्हा मी कराडला तिसरी-चौथीत असणार.

"लीना म्हणते, तिकडे भिंतीवर लावायला सगळ्यांचा एक फोटो पाठवा," काका म्हणाले. "रात्रभर शोधला. घरच्या एकाही फोटोत मी नाही."

मग त्यांनी खिशातून त्या काळातला आपला पासपोर्ट साइज फोटो काढला. काळे केस, कोट. तो माझ्याकडे न बघताच पुढे सरकवला.

"मला यात घाल."

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. रोझीमावशींच्या खुर्चीमागे त्यांना उभं केलं, ओटीवरचं ऊन त्यांच्या एका गालावर आणलं, कोटाचा रंग जरा उतरवला. सगळे हात चार वेळा मोजले.

चोवीस तारखेला मी प्रिंट काढत होते आणि रोझीमावशी काकांचा डबा घेऊन आल्या. काका काउंटरमागे उभे राहिले, शाळेत निकालाला उभे राहतात तसे. मावशींनी चष्मा लावला. फोटो कितीतरी वेळ बघितला. एकदा काकांच्या गालावरून बोटही फिरवलं. मला वाटलं, आता रडतील.

"तू इथे उभा आहेस," मावशी म्हणाल्या, "तर मग फोटो कोणी काढला?"

काकांनी फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि काउंटरवर पालथा ठेवला. शिक्का उचलला, परत जागेवर ठेवला. मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"हिने," काका म्हणाले. "बाय, नाव घाल."