खुंटीवरची निळी चिंधी

रोज सकाळी होडीत बसण्याआधी राव्ना दोन्ही वल्ह्यांना चिंधी बांधायची. वल्हं जिथे होडीच्या काठावरच्या खुंटीला घासतं तिथे दोन घट्ट वेढे, वर एक सैल, आणि शेवटी दातांनी ओढलेली गाठ. मग वल्हं एकदा मागेपुढे करून ती कान देऊन ऐकायची. लाकूड जरा कुरकुरलं की गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून. बादलीच्या कडीलाही तिने अशीच चिंधी शिवून टाकली होती. डोंगरापलीकडच्या तळ्यांवर लोक मोटरच्या होड्या चालवत, मोठ्याने हसत, एकमेकांना हाका मारत. राव्नाच्या तळ्यावर आलेला माणूस शिंकसुद्धा टोपीत तोंड खुपसून द्यायचा.

कारण हे तळं दुहेरी तळाचं. त्याच्या तळाला कुठेतरी एक भोक आहे आणि त्याखाली दुसरं तळं. तिथे माणसं राहतात, आपल्यासारखीच, फक्त उलटी, आपल्या तळव्यांना तळवे लावून चालणारी. हिवाळ्यात बर्फावरून एकटं जाताना पायाखाली कुणीतरी पावलाला पाऊल मिळवतंय असं वाटतं, ती हीच. त्यांची घरं आहेत, रेनडिअर आहेत, आणि गोंगाटाचा त्यांना भारी तिटकारा. वर खडखडाट झाला की ती मासे खाली बोलावून घेतात आणि भोकावर झाकण ठेवतात. राव्नाला हे तिच्या आईने सांगितलं होतं, आणि राव्नाने धाकट्या बहिणीच्या मुलीला, इंग्गाला. इंग्गा आता विद्यापीठात पाण्यातल्या बारीक जिवांचा अभ्यास करत होती. तरी या काठावर पाय ठेवला की तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

राव्नाचा नवरा हेइका समुद्राकाठचा. तिकडे लाटांच्या वर आवाज काढल्याशिवाय काही ऐकूच जात नाही, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही हाक मारल्यासारखं. लग्नानंतर पहिल्यांदा तळ्यावर आला तेव्हा होडीत बसल्याबसल्या तो गायला लागला. राव्नाने आपला ओला हातमोजा त्याच्या तोंडावर दाबला.

"किती वेळ मुकं राहायचं?" त्याने हातमोज्याआडून विचारलं होतं.

"काठ येईपर्यंत."

तो राहिला. काठ आला की मात्र साठवलेलं सगळं एकदम गायचा, आणि घरातला कुत्रा पलंगाखाली जाऊन बसायचा. इंग्गाला तिच्या लहानपणचा तो आवाज आठवत होता, आणि आवाजाबरोबर एक रंग. हेइकाने एका शरद ऋतूत शहरातून निळं जॅकेट आणलं होतं, कोकराच्या अंगासारखं केसाळ, पण लोकरीचं नव्हे, प्लॅस्टिकच्या धाग्याचं. भिजलं तर लगेच वाळायचं, कसर लागायची नाही, कुजायचं नाही. "हे माझ्यापेक्षा जास्त जगणार," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तसंच झालं. एका दिवशी रेनडिअरच्या कुंपणात तो उभ्याउभ्या खाली बसला आणि उठला नाही. त्या दिवशी ऊन होतं, म्हणून जॅकेट घरीच खुंटीला राहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात राव्नाने त्याची उजवी बाही कापली आणि वल्ह्यांना बांधली. तोवर ती कातडं बांधायची. ते उन्हाळा अर्धा होतो न होतो तोच कुजून वास मारायचं. हे निळं कापड इतकं मऊ की होडी चालली आहे हे होडीलाही कळू नये. "जन्मभर गप्प बसला नाही," ती इंग्गाला म्हणाली होती, "आणि आता बघ, सगळं तळं गप्प ठेवतोय." हे सांगताना ती हसली होती. त्या हसण्याच्या आधाराने ती त्या घरात एकटी राहते आहे, हे इंग्गाला तेव्हाच कळलं होतं.

दर वसंतात नवी चिंधी निघायची. बर्फ पडायच्या सुमारास ती कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ झालेली असायची, डोळ्याशी धरली तर पलीकडचा डोंगर दिसावा अशी. एक बाही संपली, दुसरी संपली, पुढचे दोन्ही पाखे संपले. कापड झिजतंच. झिजलेलं कुठे जातं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढे एका उन्हाळ्यात इंग्गा आली ती सूक्ष्मदर्शक घेऊन. काठावरच्या, होडी ठेवायच्या खोपटात, खिडकीपाशी तिने तो मांडला. राव्ना जाळी काढायला जायची तेव्हा ती होडीच्या शेपटाला बसून रेशमासारखी बारीक झोळी पाण्यातून ओढायची आणि त्यात सापडलेल्या पाणपिसवा काचेवर घेऊन बघत बसायची. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, अंगाने पारदर्शक. आतलं हृदय धडधडताना दिसतं, पाठीवरच्या पिशवीत अंडी दिसतात, पोटातून सरकणारा हिरवा घास दिसतो. इथला उन्हाळा एवढासा, तेवढ्यात त्यांनी अंडी घालायची, आणि त्यांच्यावर तळ्यातले लाल पोटाचे मासे जगायचे.

दुसऱ्या तळ्यांतल्या पाणपिसवांच्या पोटात तिला राखाडी, काळे, रंग नसलेले तुकडे सापडले होते. ते पावसाबरोबर, बर्फाबरोबर दूरदूरच्या शहरांतून येतात. इथे मात्र निळा धागा होता. पोटात गुंडाळी होऊन बसलेला. निळं पोट असलेल्या बहुतेकींच्या पाठीवरची पिशवी जवळजवळ रिकामी होती.

इंग्गाने मान वर केली. खिडकीबाहेर राव्ना वल्ह्याची गाठ दातांनी ओढत होती.

इंग्गाने हे मावशीला त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जॅकेटची पाठ आणि कॉलर एवढंच आता उरलं होतं. सांगितलं तर तेही मावशीच्या हातून काढून घेतल्यासारखं होणार. न सांगावं, तर दर वल्ह्यागणिक ते पाण्यात उतरतच राहणार. होडीत बसली की तिला वाटायचं, आपण सगळे झोपेतच निळी भुकटी सांडत चाललोय आणि खाली उलटी माणसं मान वर करून बघताहेत, हे काय पडतंय म्हणून.

शेजारचा आन्ते रोज कॉफीला यायचा. कॉफीत चीजचे तुकडे टाकून ते मऊ होईपर्यंत दुसऱ्यांची चौकशी करायची हा त्याचा नेम.

"मासे रोडावलेत यंदा," तो म्हणाला. "राव्ना, तुझी खालची मंडळी रुसली वाटतं."

"मी कशाला रुसवीन त्यांना? तूच परवा काठावर खोकलास."

"मी खोकलो ते माझ्या घरात!"

"तुझ्या घरातलं इथे ऐकू येतं." मग राव्ना इंग्गाकडे वळली. "तू रोज त्या नळीतून बघतेस. तुला काय दिसतं ते तरी सांग. का आम्हांला दाखवण्यासारखं नसतं?"

इंग्गाने कप खाली ठेवला. "दाखवते," ती म्हणाली.

खोपटात राव्नाने चश्मा कपाळावर चढवला आणि नळीला डोळा लावला.

"अगं बाई, हिचं घर काचेचं आहे," ती हळूच म्हणाली. "हे धडधडतंय ते काय, हृदय?"

"हो."

"आणि हे..." तिने डोळा नळीला आणखी टेकवला. काठावरच्या लाटांचा आवाज आत येत होता. "हा हेइकाचा निळा आहे."

इंग्गाने हातातली काचपट्टी खाली ठेवली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"चार-पाच दिवस झाले. मावशी, सगळं तुझंच नाही. वाऱ्यानेही येतं, कुठून कुठून येतं. जाळ्यांचा नायलॉनही..."

"वाऱ्याचं वाऱ्याला विचार. निळं आमच्या घरचं आहे." तिचा डोळा अजून नळीलाच होता. "दुखतं का तिला?"

"ते कुणालाच नीट ठाऊक नाही. पोट भरल्यासारखं होतं, पण अंगी काही लागत नाही. मग अंडी कमी होतात."

"म्हणजे भुकेली, आणि तिला कळतही नाही."

राव्ना उठली, चश्मा खाली घेतला आणि घराकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर गेली नाही. बादलीतलं शिळं पाणी तापवून तिने कॉफी केली. दुपारभर जॅकेटचा उरलेला तुकडा मांडीवर घेऊन ती खिडकीत बसली होती, आणि इंग्गाला वाटलं, आता ही पुन्हा होडीत बसणार नाही. नुसत्या खुंटीवर वल्ही खडखडवत जाणं तिला जमणारं नव्हतं, आणि हे निळं आता पाण्याला लागू देणंही.

संध्याकाळच्या कॉफीला आन्ते आला तेव्हा राव्नाने विचारलं, "तुझ्याकडे बुटात भरायचं गवत आहे का?"

"आहे की. हिवाळ्यात भरतो मी अजून. उन्हाळ्यात तुझे पाय गारठले की काय?"

"माझे नाही. वल्ह्यांचे."

आन्ते इतका हसला की चीज घशाखाली उतरेना. पण गवताची जुडी त्याने आणून दिली. राव्नाने ते ठेचलं, कंगव्याने विंचरलं, केसांसारखं मऊ केलं, त्याची वेणी घातली आणि वल्ह्यांना गुंडाळली. सकाळी दोघी निघाल्या. वल्हं फिरलं आणि अगदी बारीक चरचर झाली. नव्या बर्फावर कुणी गवत भरलेल्या बुटांनी चालावं तशी. राव्ना थांबली. इंग्गाला वाटलं, आता ही होडी मागे फिरवणार.

"त्यांना वाटेल, कुणीतरी चालत येतंय," राव्ना कुजबुजली. "चालतंय तेवढं." आणि तिने दुसरं वल्हं मारलं.

जॅकेटची पाठ तिने दाट विणीच्या सुती खोळीत घालून चारी बाजूंनी शिवून टाकली आणि उशी केली. "आता घरातच राहील," ती म्हणाली. "पाण्यात मन रमतच नव्हतं त्याचं कधी." गवताची वेणी दर पंधरवड्याला झिजायची आणि ती नवी घालायची. बोटं दुखतात अशी तक्रार ती आन्तेपाशी करायची, इंग्गापाशी कधी नाही. मासे वाढले की नाही हे एका उन्हाळ्यात कळणारं नव्हतं. बादलीच्या कडीची चिंधीही तिने उसवली, आणि त्यानंतर पाणी भरताना कडी हातात उचलून धरायची, झोपलेल्या मुलाचं डोकं धरावं तशी.

त्याच हिवाळ्यात, तळं पुरतं गोठलेलं असताना, राव्ना झोपेतच गेली. डोक्याखाली तीच उशी होती. आन्तेने फोनवर सांगितलं तेव्हा तो अगदी हळू बोलत होता, तळ्याच्या काठावर उभा असल्यासारखा.

इंग्गाला मावशीचं शेवटचं बोलणं आठवलं ते उन्हाळ्याअखेर ती स्वतः परत निघाली त्या सकाळचं. पिशव्या दारात होत्या, गाडी वरच्या रस्त्याला येऊन थांबली होती. तिच्या स्वतःच्या, तसल्याच प्लॅस्टिकच्या धाग्याच्या केसाळ जॅकेटवर भाकरीचा चुरा पडला होता, म्हणून ती पायरीवर उतरून ते झटकायला लागली. आतून, भांडी विसळता विसळता, राव्नाचा आवाज आला:

"तिथे झटकू नकोस गं. वारा तळ्याकडे चाललाय."