एका वेलांटीचा गुन्हा

ती दुपार मला आजही लख्ख आठवते, आणि आठवली की हायसे वाटते. खात्यातल्या फार थोड्या प्रकरणांबद्दल असे म्हणता येते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी उपनिरीक्षक झाले आणि काही वर्षांनी गणवेश उतरवून संशोधनाकडे परतले. त्यामुळे माझी नोकरी लहान आणि आठवणीही मोजक्याच. संबंधितांची नावे येथे दिलेली नाहीत.

वाराणसी शहराच्या कडेची एक चौकी तेव्हा माझ्याकडे होती. रविवार होता. चौकीचा लेखनिक, म्हणजे मुन्शी, रोजनामचा पूर्ण करत होता. इतक्यात चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, “मैडम, एक आदमी बहुत महँगी बैटरी लेकर आया है. ना गाड़ी की है, ना मोबाइल की. कपड़े पर तेल लगा है. माल चोरी का लगता है.”

शिपायांनी त्या माणसाला बॅटरी, चार्जर आणि सायकलीसह चौकीत आणले. चाळिशीचा माळी होता. त्याने सांगितले ते असे: रेल्वेतले एक अभियंता साहेब दर रविवारी एका जुन्या आमराईत वाळक्या फांद्या छाटायला येतात. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, आहे. आज बॅटरी मध्येच उतरली, म्हणून त्यांनी ती चार्ज करून आणायला याला पाठवले.

“साहब कहाँ हैं?”

“हम चले तब नीचे बइठे रहे, मैडम. पानी पी रहे थे.”

साहेबांचा फोन लागत नव्हता; आमराईत रेंज मधूनच येते, असे माळी म्हणाला. दोन शिपाई आमराईत गेले. फाटकाशी स्कूटर उभी होती, स्कूटरच्या पिशवीत बिनबॅटरीचा चेनसॉ होता आणि माणसाचा पत्ता नव्हता.

“बैटरी यहाँ, आरी वहाँ, साहब कहीं नहीं,” मुन्शी म्हणाला. “अब बचा क्या, मैडम?”

मी माळ्याच्या बाहीवरचा डाग टिपकागदावर घासून पाहिला. चिकट, पिवळसर आणि भुशाने भरलेला. ते चेनसॉच्या साखळीला घालायचे तेल होते. रक्ताचा मागमूस नव्हता. परंतु रक्त नसणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हेही मला ठाऊक होते. मी तेच प्रश्न क्रम बदलून पुन्हा विचारले. खोटे बोलणारा माणूस क्रम बदलला की अडखळतो. हा अडखळला नाही, फक्त दर उत्तरानंतर विचारत राहिला, “हमको जेल होई का?”

तेवढ्यात नियंत्रण कक्षाचा निरोप आला. आमराईतून एकाने मदत मागितली होती: ‘झाड़ी में फँसा हूँ.’ पुढे आवाज तुटला. मी आणखी माणसे पाठवली. आमराईच्या मागे नाल्याच्या काठाने दाट झुडपे होती. त्यांनी ती काठ्यांनी पिंजून काढली. हाती काहीच लागले नाही. ठाण्याचे निरीक्षक फोनवर म्हणाले, “अपहरण का मुकदमा लिखो. आदमी हाथ में है, शाम तक गिरफ़्तारी दिखाओ.” मी थोडा वेळ मागितला. त्यांनी तो दिला, पण नाखुशीने. एकदा अटक झाली असती, तर या माळ्याला पुन्हा कोणी आपल्या बागेत पाऊल ठेवू दिले नसते. आणि तिकडे साहेब जिवंत असतील, तर त्यांच्याकडे किती वेळ उरला आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

मग साहेबांच्या पत्नी धापा टाकत चौकीत आल्या. भुसावळहून बदलून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. मुन्शीने खुर्ची दिली. त्या त्याला हिंदीत सांगू लागल्या, “मेरे मिस्टर को झाड़ों का बहुत शौक है, भैया. क्वार्टर में भी कितने झाड़ लगाए हैं.”

मुन्शीने लेखणी थांबवली. “झाड़ का शौक? झाड़ भी कोई लगाता है, माताजी? वो तो अपने आप उग आता है.”

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. ‘पेड़’ गल्लीत राहतो आणि उंबऱ्याच्या आत त्याचे ‘झाड’ होते. बनारसच्या हिंदीत मात्र झाड़ म्हणजे झुडूप. मी त्यांना मराठीत विचारले, “ताई, साहेबही असंच हिंदी बोलतात का?”

“माझ्याहून वाईट,” त्या म्हणाल्या. आपली भाषा ऐकताच त्यांना रडू फुटले.

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. “कॉल करने वाला ठीक-ठीक क्या बोला? आपका लिखा हुआ नहीं, उसके शब्द बताइए.”

“‘मैं झाड़ में फँसा हूँ,’ मैडम. झाड़ में कोई क्या फँसेगा? मैंने झाड़ी लिख दिया. थोड़ा व्याकरण ठीक कर दिया.”

एका वेलांटीने आमच्या माणसांना नाल्याकडे पाठवले होते. मी तिथल्या हवालदाराला फोन केला. “झाड़ी छोड़ो. ऊपर देखो.”

“ऊपर, मैडम?”

“ऊपर. एक-एक पेड़.”

बराच वेळ फोनवर फक्त पावलांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “मैडम, जूता दिख रहा है.” पुढे सरकून म्हणाला, “हिल रहा है.”

झाले होते ते असे. एक जाड फांदी अर्धवट कापलेली राहिली होती. ती कोणाच्या डोक्यावर पडू नये, म्हणून दोराने बांधून ठेवायला साहेब एकटेच पुन्हा वर चढले. फांदी वळली आणि तिने त्यांना खोडाशी दाबून धरले. कमरेच्या पट्ट्यामुळे ते पडले नाहीत, पण छाती दाबल्याने मोठ्याने ओरडता येईना, आणि बोलता बोलता फोन हातातून निसटून पाचोळ्यात पडला. आमची माणसे दुसऱ्या टोकाला होती.

मी माळ्याला आणि चौकीतल्या प्लगला लावून एव्हाना चार्ज झालेल्या बॅटरीला एकाच जीपमध्ये बसवले. अग्निशमन दलाने शिडी लावली. माळ्याने फांदी वरच्या बेचक्यातून दोराने ताणून धरली. दलाच्या जवानाने चेनसॉला बॅटरी लावली आणि फांदी शेंड्याकडून थोडी थोडी हलकी करत आणली. प्रत्येक वेळी आधी खालून छोटा काप, मग वरून पूर्ण, म्हणजे लाकूड चिरफाळत नाही. पेट्रोलच्या यंत्राच्या गोंगाटात जे शक्य झाले नसते, ते तिथे झाले. साहेब पुटपुटले, “रुको, दब रहा है.” ते जवानाला ऐकू गेले. त्याने खटका सोडताच साखळी जागच्या जागी थांबली. माळ्याने दोर आणखी ताणला आणि काम पुढे सुरू झाले.

दोन बरगड्यांना तडा आणि बधिर झालेला पाय, एवढ्यावर निभावले. आमच्याबरोबर आलेल्या पत्नीने त्यांना स्ट्रेचरवरच धारेवर धरले. “हिंदी येत नाही तर मराठीत तरी ओरडायचं!”

“इथे मराठीत कोण ऐकणार होतं?”

“या ऐकत होत्या,” माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान वळवली ती माळ्याकडे. “बैटरी लाने में इतना टाइम?”

“हमको तो पकड़ लिए थे, मालिक,” माळी म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

त्यानंतर मी एक नियम केला आणि नोकरी सोडेपर्यंत पाळला: जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांतच उतरवायचा, अशुद्ध असेल तर अशुद्धच. प्रयोगशाळेत नमुना तपासण्यापूर्वी कोणी तो धुऊन काढत नाही. माणसाची चूक हाही नमुनाच असतो. तो कुठून आला, घरी काय बोलतो आणि घाबरल्यावर कोणत्या भाषेकडे धावतो, हे ती सांगते. आमच्या चौकीत ती वाचता येणारी एक व्यक्ती त्या दिवशी हजर होती, हा निव्वळ योगायोग होता. तपास योगायोगावर सोडायचा नसतो.

गुन्हा नोंदवला गेला नाही. रोजनामच्यात ‘व्यक्ती सुखरूप मिळाली’ अशी एक ओळ पडली. अटकेचा कागद मुन्शीने कोराच परत कपाटात ठेवला. माळ्याने चौकीबाहेरच्या हँडपंपावर बाहीवरचे तेल धुतले, सायकल काढली आणि ऊन उतरायच्या आत तो घरी गेला.