तीन चिरा आणि एक दाढी

केंटकीच्या त्या डोंगरी खोऱ्यात कुणाची बंदूक रुसली की ती होबार्ट टॅकेटच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. हात सोन्याचे, त्यात वादच नाही. पण डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला देवच खाली यायला हवा. आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल अडखळायला लागली की याचं निदान ठरलेलं. या रायफलीत बार उडाला की त्यातलाच थोडा वायू मागे येऊन आतला दट्ट्या ढकलतो. दट्ट्याला तीन बारीक कड्या, प्रत्येक कडीला एक चीर. तिन्ही चिरा एका रेषेत आल्या की तिथूनच वायू निसटतो, हे तो चर्चच्या पायरीवरसुद्धा लोकांना थांबवून सांगायचा.

त्याची मेहुणी ओनीडा शाळेची बस चालवायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही. अग्निशमन दलाची नेमबाजी तोंडावर आलेली, बक्षीस म्हणजे धुरात मुरवलेली डुकराची अख्खी मांडी, आणि नेमकी तिची रायफल रिकामं काडतूस धड बाहेर टाकेना. होबार्ट म्हणाला, चिरा. ती हसली, तेही पेंडीच्या दुकानात, चारचौघांत. मग काय, याचं टाळकं सरकलं.

"चिरांचा दोष नसला ना, तर ही दाढी तिथल्या तिथे उतरवीन."

बोलून बसला खरा, आणि मग आठवलं. दाढीखाली त्याला हनुवटी अशी नव्हतीच. म्हणून तर पोरगी बघायला जायच्या आधीच त्यानं दाढी राखली होती. व्हर्लानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, संसाराच्या तीस वर्षांत नवऱ्याची हनुवटी एकदाही पाहिली नव्हती.

शेडमध्ये रायफल उघडली, तर चिरा आपापल्या जागी तीन दिशांना. वायू आत घेणारी छोटी नळी जिथे दोन स्क्रूंनी बसवतात, तिथे मात्र काजळीच काजळी. स्क्रू ढिले, वायू तिथूनच निसटत होता! आता नुसत्या चिरा फिरवून दिल्या तर रायफल अडखळणार आणि दाढी जाणार. खरं सांगितलं तरी जाणार. त्यानं गुपचूप नळीची बैठक घासली, नवे स्क्रू आवळले, पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून कडेचं लोखंड टोकदार पंचानं ठोकून त्यांच्यावर दाबलं, आणि ओनीडाला तोंड वर करून सांगितलं की चिरा नीट लावल्यात.

नेमबाजीच्या दिवशी ओनीडानं सगळ्यांदेखत दट्ट्या बाहेर काढला. नखानं तिन्ही कड्या फिरवून चिरा एका रेषेत आणल्या, दलाच्या कप्तानाला दाखवल्या आणि रायफल बंद केली.

आपण दुरुस्त केलेली बंदूक बिघडावी म्हणून होबार्टनं आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. देव काही मध्ये पडला नाही. दहा बार, दहा काडतुसं, एकापाठोपाठ एक खणखणीत बाहेर. मांडीसुद्धा तीच घेऊन गेली.

"दाजी," जाता जाता ती कानाशी कुजबुजली, "स्क्रू झकास ठोकलेत हं. घरी उघडून बघितलं होतं मी."

मेंढ्या भादरायची कात्री कप्तानानं आधीच आणून ठेवली होती. दाढी उतरली. लोक हसून हसून गवतावर लोळले. होबार्टनं मात्र फक्त व्हर्लाकडे पाहिलं, आणि तेही भीत भीत.

ती जवळ आली. त्याचा चेहरा हातात धरून बराच वेळ निरखत राहिली.

"बस, एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी तीस वर्षं ग्रेव्हीतून केस वेचले?"

आणि सगळ्यांसमोर तिनं त्या नसलेल्या हनुवटीचा मुका घेतला.

होबार्टनं पुन्हा दाढी राखली नाही. आता शेडमध्ये अडखळती रायफल आली की तो आधी स्क्रू आवळतो. मग गिऱ्हाइकाची पाठ वळली की चिरासुद्धा तीन दिशांना फिरवून ठेवतो.